विश्लेषण : हजारो रुपये मोजूनही गेम तुमचा का होत नाही?

जोगेश्वरीत शनिवारी रात्री नवा गेम डाउनलोडला लावला, तर खेळायला रविवारची सकाळ उजाडते. १०० जीबीचा गेम आणि ३० एमबीपीएसचं वायफाय, म्हणजे साधारण साडेसात तास. पण गेमर्सचा खरा राग वेगळाच आहे.

राग कशाचा?
अर्धवट गेम पूर्ण किमतीत विकण्याचा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की, सोनीने त्याच महिन्यात तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले.

विकत घेतलेला गेम गायब कसा होतो?
युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागत असल्याने डिस्क घेतलेल्यांचाही गेम संपला. कारण आपण गेम नव्हे, तो वापरण्याचा परवाना विकत घेतो.

विरोध कुठवर पोहोचला?
‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या युरोपीय याचिकेवर २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, परवाना विकत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे.

तुम्ही काय कराल?
प्री-ऑर्डर टाळा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असाल, तर सहसा पैसे परत मिळतात. एकट्याने खेळायच्या गेमलाही इंटरनेट सक्तीचं आहे का, हे आधी तपासा. सर्व्हर बंद झाला की डिस्क फक्त शोकेसमध्ये ठेवायची!