घराचं गिऱ्हाईक पक्कं, पण पैसे येईनात? दुकानाची तारीख आधी ठरवू नका

बारामती-इंदापूर भागात भांडवल उभं करायचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे जुनं घर विकायचं आणि दुकान टाकायचं. इसार येतो, पेढे वाटून होतात आणि पुढचे पैसे मात्र लांबत जातात. इकडं गाळामालक डिपॉझिटसाठी फोन करत असतो.

गिऱ्हाईक म्हणतं, “लोन पास झालंय.” पण बँकेचं मंजुरीपत्र बहुतेक वेळा त्याचं उत्पन्न आणि सिबिल बघून मिळालेलं असतं. तुमच्या घराचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. म्हणून “कधी देता?” असं विचारण्यापेक्षा “फाईल कुठं अडलीय?” असं विचारा. कित्येकदा ती आपल्याच कागदांवर अडलेली असते. वारसनोंद राहिलेली असते, बहिणीची सही नसते, नाहीतर सोसायटीचं कर्ज फिटूनही सातबाऱ्यावर बोजा तसाच असतो. गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 असेल तर बऱ्याच बँका का-कू करतात. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी झाली असेल, तर गिऱ्हाईक शोधायच्या आधीच मिळकत पत्रिका काढून ठेवा.

आता गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हिश्श्याचं बघा. घर 40 लाखांचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 32 लाख. उरलेले 8 लाख त्याचे. मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी वेगळी, ती या कर्जात धरत नाहीत. हे 8 लाख कुठून येणार, हे इसार घेतानाच विचारायचं. लाजायचं नाही.

आपल्याकडं त्याचं उत्तर बहुतेक वेळा “उसाचं बिल” असतं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, ऊस कुठंही जावो, कायद्याने एफआरपी ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत द्यायची असते. पण हे 14 दिवस तोड झाल्यावर सुरू होतात, आणि टोळी कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. म्हणून लागण कधीची, आडसाली का खोडवा, नोंद कुठल्या कारखान्याला, एवढं विचारून घ्या आणि त्यावर महिनाभर जास्त धरा. “दिवाळीनंतर देतो” ही काही तारीख नाही, राव!

साठेखत नोंदणीकृतच करा. हप्त्यांच्या तारखा, मुदत चुकली तर इसाराचं काय, मुदतवाढ किती दिवसांची, हे सगळं त्यात वकिलाकडून लिहून घ्या. मुदतवाढ द्यायची वेळ आली तर तीही लेखीच. पाहुण्यातला माणूस असला तरी पूर्ण पैसे येईपर्यंत किल्ली देऊ नका, कारण एकदा ताबा गेला की मागं लागायची पाळी तुमच्यावर येते. “थोडे रोख घ्या” म्हणाला तरी नको, घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं.

आणि गाळा? त्याला छोटं टोकन द्या, भाडं खरेदीखतानंतर सुरू होईल असं ठरवून घ्या. मालक तयार नसेल तर दुसरा गाळा बघा. फर्निचरची ऑर्डर पैसे खात्यात दिसल्यावर. साठेखतात कुठले मुद्दे हवेत, ते पुढच्या व्हिडिओत एकेक करून बघू.