उंदराचे अखेरचे दुखणे

मराठी घरात उंदराला दोनच जागा होत्या. भाद्रपदात तो गणपतीच्या पायाशी बसतो आणि त्याच्याही पुढ्यात आपण एक इवलासा मोदक ठेवतो. दिवाळीच्या साफसफाईत तोच माळ्यावर दिसला की फडताळाखाली पिंजरा लागतो, पिंजऱ्यात भज्याचा तुकडा अडकवला जातो, आणि सकाळी पिंजऱ्यासकट त्याला पाण्याच्या बादलीत बुडवून घरचा कर्ता पुरुष दात घासायला मोकळा होतो. तिसरी जागा आपण त्याला दिली नव्हती. देणार तरी कशी? १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिला. तेव्हापासून ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द कानी आले की माणसे चूल विझवून, पोरेबाळे काखोटीला मारून, रानातल्या झोपडीत राहायला जात. मरता उंदीर म्हणजे पळायची खूण. त्याच्या उशाशी कोण बसणार?

आज बसतात. मुंबई-पुण्याच्या घरांतूनच नव्हे, तर आमच्या बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातही एखाद्या घरी पांढरा उंदीर पाळलेला दिसतो. हा पांढरा उंदीर म्हणजे गटारातल्या तपकिरी उंदराचाच, पण प्रयोगशाळेतून पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला भाऊबंद. तो नावाने हाक मारली की येतो, खांद्यावर चढतो, कानाशी मिशा लावतो. एकच गोष्ट त्याला घेऊन येणाऱ्या लेकराला कोणी सांगत नाही. ती म्हणजे त्याचे आयुष्य अवघे दोन ते तीन वर्षांचे. पाचवीत हट्ट करून आणलेला उंदीर सातवीच्या परीक्षेच्या सुमारास म्हातारा होतो. कुत्र्याच्या बाबतीत जो प्रश्न बारा-चौदा वर्षांनी दाराशी येतो, तो उंदराच्या बाबतीत मुलाचा गणवेश आखूड व्हायच्या आत येतो.

त्याची दुखणीही ठरलेली. माद्यांच्या अंगावर गाठी येतात, आणि त्या पाहता पाहता लिंबाएवढ्या होतात. फुप्फुसात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ठाण मांडून बसतो. औषधाने तो दबतो, समूळ जात नाही. मग श्वासाला घरघर लागते. उतारवयात मागचे पाय लुळे पडतात. काहींना मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची गाठ होते, आणि पुढच्या दोन पायांत शेंगदाणा धरून नीटनेटके खाणारा प्राणी तो दाणा धरू शकत नाही. यांतले सगळेच मरणाचे नव्हे, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. गाठ पुष्कळदा साधी असते आणि शस्त्रक्रियेने निघते. ‘आता काय उरले’ असे म्हणून हात झटकण्यापूर्वी ती डॉक्टरला दाखवलीच पाहिजे.

पंचाईत अशी की उंदीर आपले दुखणे लपवतो. ज्याच्यावर मांजर, घुबड आणि साप यांची नजर, त्याला कण्हणे परवडत नाही. म्हणून खुणा आपणच शोधायच्या. अंग फुगवून, पाठीची कमान करून तो कोपऱ्यात बसतो. दिवसातून दहा वेळा अंग चाटून स्वच्छ ठेवणारा हा प्राणी चाटणे सोडतो. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल डाग दिसतात. लोक रक्त समजून घाबरतात, पण ते रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, आणि आजारात किंवा ताणात तो वाढतो. २०११ साली शास्त्रज्ञांनी उंदराच्या चेहऱ्यावरून त्याची वेदना मोजण्याची एक पट्टीच तयार केली. डोळे किती मिटले, कान कसे वळले, नाक-गाल किती सपाट झाले, मिशा कशा ताठरल्या, यावर गुण द्यायचे. परीक्षकाचे काम जन्मभर करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गुणपद्धती फार आवडली.

आता अशा वेळी आपल्याकडे काय करतात? बहुतेक घरे त्याला ‘सोडून देतात’. मराठीचा मास्तर म्हणून माझे लक्ष या क्रियापदाकडे जाते. माणूस फार दिवस अंथरुणाला खिळून गेला की आपण म्हणतो, ‘सुटला बिचारा.’ पिंजऱ्यातला उंदीर निसटला तरी ‘सुटला’. या दोन सुटण्यांच्या मधल्या आडोशाला आपली सोय दडून बसते. संध्याकाळी आजारी उंदराला कपाशीच्या शेतात किंवा नदीकाठी नेऊन ठेवायचे, ‘मोकळा केला’ म्हणायचे आणि मागे न पाहता घरी यायचे. ज्याने जन्मात कधी बीळ खणलेले नाही, जो वाटीतल्या भाताशिवाय अन्न ओळखत नाही, ज्याचे मागचे पाय चालत नाहीत, तो त्या रात्री कसा मरतो हे पाहायला कोणी थांबत नाही. याला दया म्हणायची माझी तयारी नाही. कायद्याचीही नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात माणसाखेरीज प्रत्येक जीव हा प्राणी. आणि उपासमारीने वा तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत सबळ कारणावाचून त्याला टाकून देणे हा गुन्हा. त्याच कायद्यात प्रयोगशाळेतल्या प्राण्यासाठी एक कलम आहे. प्रयोगात तो इतका जायबंदी झाला की बरे होण्यातही त्याचे अतोनात हाल व्हावेत, तर शुद्धीवर येण्याआधीच त्याला शांतपणे मरण द्यावे, असा दंडक. म्हणजे प्रयोगाच्या उंदराच्या शेवटाची काळजी कायद्याने वाहिली. घरच्या उंदराची आपल्यावर सोडली.

यावर कोणी म्हणेल, मारणे ते मारणे! या आक्षेपाला आपल्या देशात खुद्द गांधीजींना तोंड द्यावे लागले होते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत पडले होते. त्याला कूसही बदलता येईना. खूप विचारविनिमयानंतर गांधीजींनी डॉक्टरला बोलावून त्याला सुई देवविली आणि क्षणार्धात त्याचे हाल संपले. ही हकीकत त्यांनी स्वतः छापली आणि गुजरातेत गहजब झाला. गोवध म्हणून संतापाची पत्रे आली. गांधीजी मागे हटले नाहीत. पण त्यांनी या वाटेवर चार नाकी उभी केली. दुखणे असाध्य असले पाहिजे. संबंधित सगळ्यांनी आशा सोडलेली असली पाहिजे. कोणतीही मदत वा सेवा उपयोगी पडेनाशी झालेली असली पाहिजे. आणि त्या जिवाला आपली इच्छा सांगता येत नसली पाहिजे. यांतली एक जरी अट अपुरी राहिली तरी प्राण घेणे अहिंसेत बसत नाही. उलट बाजूला पांजरपोळांची जुनी परंपरा आहे: जीव आपल्या वेळेनेच जावा, तोवर चारापाणी आणि आसरा द्यावा. मी त्या परंपरेला हसणार नाही. तिच्यात निदान जवळ बसणे आहे.

गांधीजींची तिसरी अट मला सर्वांत कडक वाटते. मदतीचा उपयोग होत नाही हे म्हणण्यासाठी आधी मदत केलेली असावी लागते. उंदराच्या बाबतीत ती फार खर्चिक नाही. मजल्यांचा पिंजरा काढून बुटक्या काठाचे खोके द्यावे, म्हणजे चढउतार नको. खाली मऊ सुती कापड, पण सुटे धागे नसलेले; त्यात पाय गुरफटतात. पाणी उथळ वाटीत. मऊ भात, वरणाचे पाणी, उकडलेल्या अंड्याचा बलक. थंडीत फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली; आणि वऱ्हाडच्या वैशाखात, जेव्हा अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा माठाच्या सावलीची जागा. ड्रॉपरने जबरदस्ती पाजू नये, घोट फुप्फुसात जातो. माणसांच्या गोळ्या अंदाजाने मुळीच देऊ नयेत. साडेतीनशे ग्रॅमचा जीव, त्याला आपल्या गोळीचा चतकोरही डोंगर. आणि जोडीदार उंदीर असेल तर त्याला वेगळे काढू नये, कारण तो रात्री अंगाला अंग लावून ऊब देतो.

आमच्या शेजारी वकिलांच्या घरी दोन माद्या होत्या, चांदी आणि साय. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या किल्ल्यामुळे ओळखले जाणारे आमचे गाव. इथे उंदराला डॉक्टर ही बातमी आळीभर झाली. वकिलांची आई तर म्हणाल्या, “उंदराले कोनी डागदराकडं नेते का बाप्पा!” चांदीची गाठ अकोल्याला एकदा काढली होती, ती सहा महिन्यांत दुसरीकडे उगवली, आणि मग छाती भरली. सातवीतली मुलगी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करी आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिही. शेजारी चांगल्या दिवसाला टिंब, वाईट दिवसाला फुली. श्रावण संपेपर्यंत टिंबे जास्त होती. भाद्रपदात फुल्या ओळीने आल्या. डॉक्टरांनी सुचवलेला दिवस नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. घरात गणपती बसलेला, आणि त्याच्याच वाहनाला सुई! वकील म्हणाले, मागच्या रानात ठेवून येतो, आपल्या हाताला पाप नको. मुलीने काही न बोलता कालनिर्णय त्यांच्यापुढे धरले. आजी बराच वेळ गणपतीकडे तोंड करून बसल्या. मग उठून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून खोक्यात घातला आणि म्हणाल्या, “हाल कराले देव सांगत नाई. जा घेऊन.” दुपारच्या पंगतीआधी वकील आणि मुलगी अकोल्याला गेली.

इथे कोणाच्या शब्दाला वजन द्यायचे, हा प्रश्न माणसांच्याही बाबतीत उठला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातल्या मंडळींचा मानला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने माणसाला व्यर्थ उपचार नाकारण्याचा हक्क मान्य झाला. मरणाची सुई मात्र माणसासाठी आजही कायद्यात नाही, ती प्राण्यासाठी आहे. जनावर आणि माणूस यांची तुलना मी करत नाही. पण जो पिंजरा धुतो, जो फुल्या मांडतो, त्याचे आधी ऐकावे, एवढे तत्त्व उंदराच्या खोक्यापाशीही लागू पडते. ऐकावे मुलाचे, पण ‘हो’ मोठ्याने म्हणावे. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ते ओझे ठेवू नये. आणि ‘हो’ म्हणताना तारीख आपल्या प्रवासाची तर नाही ना, हेही पाहावे. दिवाळीला पुण्याला जायचे आहे, उंदीर कोण सांभाळणार, म्हणून आठ दिवस आधी उरकून घेणारी घरे आहेत. श्वास शांत असेल, थोडे का होईना खात असेल, जोडीदाराच्या कुशीत झोपत असेल, तर त्याला त्याच्या वेळेने जाऊ द्यावे.

नीट केले तर प्रत्यक्ष काम फार लहान असते. डॉक्टर आधी पूर्ण गुंगी देतात, आणि त्या झोपेतच जास्त औषध देऊन हृदय थांबवतात. घरी काही करू जाऊ नये. बादली, फ्रीज, क्लोरोफॉर्मचा बोळा, हे सगळे क्रूर प्रकार आहेत. आपल्याकडचे बरेचसे पशुवैद्य गाई-बैलांचे; त्यांनी उंदीर हाताळलेला असतोच असे नाही, तेव्हा आधी फोन करून विचारावे. अकोल्यासारख्या ठिकाणी, जिथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिथे चौकशी करायला तरी जागा असते. मुलाला खरे सांगावे. ‘दवाखान्यात ठेवलाय’ ही थाप चार दिवस टिकते, आणि नंतर मूल आपली दुसरी कोणतीही गोष्ट खरी मानत नाही. पुरायचे तर हातभर खोल, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

राहता राहिला जोडीदार. त्याला एकदा निपचित देह हुंगू द्यावा. कित्येक पाळणाऱ्यांचा अनुभव असा की मग तो शोधत फिरत नाही. पण एकटा उंदीर झुरतो, आणि त्याच्यासाठी नवा आणला तर दोन वर्षांनी तो नवा एकटा पडतो. वकिलांच्या घरी सध्या यावरच वाद चालू आहे. साय पावणेदोन वर्षांची आहे. मुलीला अकोल्याहून आणखी एक आणायचा आहे, वकील नको म्हणतात, आणि आजी दुपारच्या वेळी तिला पदराखाली घेऊन बसतात.