आंघोळीचा धडा

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांना सांभाळायला शिकवणाऱ्या पुण्यातल्या एका प्रशिक्षण वर्गातल्या बहुतेक जणी रुग्णसेवा ब्युरोमार्फत १२ तासांच्या पाळीत रुग्ण सांभाळतात. डायपर बदलणं, कुशीवर वळवणं, नळीतून भरवणं त्यांच्या हातातलं आहे. अडतं आंघोळीपाशी. ‘आमच्या आजी मारायलाच उठतात,’ एक मावशी सांगते. शिकवणाऱ्या सिस्टर विचारतात, ‘पाणी घालताना तुम्ही कुठे होता?’
‘मागे.’

सिस्टर तिलाच स्टुलावर बसवतात. तिच्या चष्म्याच्या दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावतात, कारण डिमेन्शियात अनेकांच्या नजरेचा आवाका आक्रसतो. मागून दुसरी येऊन खांद्यावर हात ठेवते. सगळं ठाऊक असूनही मावशी दचकते. ‘आता यात गार पाणी आणि अंगावर कपडा नाही, असं धरा,’ सिस्टर म्हणतात.

मग रीत दाखवली जाते. समोरून यायचं, नजरेच्या पातळीवर बसायचं, नावानं हाक मारायची. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, त्याऐवजी ‘पाणी कोमट झालंय, बघा बरं,’ म्हणत आजींचाच हात पाण्यात बुडवायचा. खांद्यावर टॉवेल राहू द्यायचा. सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी. त्यांच्या तळव्याखाली आपला तळवा ठेवून साबण फिरवला की हात त्यांचाच चालतो. आज नाहीच जमलं, तर ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात आजाराआधी माणूस पाहा, असा आग्रह धरला होता. इथे तो आग्रह तांब्या-बादलीपर्यंत पोचतो. ऐंशीच्या आजी ‘आईकडे जायचंय’ म्हणाल्या, तर आई कधीच गेली हे ऐकवायचं नाही. ‘आई काय करायची हो तुमची?’ असं विचारायचं. आणि कालपर्यंत शांत असलेलं माणूस आज एकदम बिथरलं, तर स्वभावाला दोष देण्याआधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं तपासायला घरच्यांना सांगायचं. हे आधी मावशीच्याच लक्षात येतं, कारण दिवसभर जवळ तीच असते.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळणाऱ्या बहुसंख्य बायकांना यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं, आणि शिकलेलीला पगार मात्र न शिकलेलीइतकाच मिळतो. हे कौशल्य आहे. त्याचे वेगळे पैसे मोजायला हवेत. आणि या वर्गात मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर त्या घरचा मुलगा, सूनही बसायला हवी. मावशीनं दिवसभर जपलेला विश्वास रात्री घरच्यांच्या एका ओरडण्यानं मोडत असेल, तर तिचं एकटीचं शिकणं पुरणार नाही.