छल, छळ आणि एका तासाचा विक्रम

कन्नडमध्ये ‘छल’ म्हणजे जिद्द. हाती घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसाला तिथे कौतुकाने ‘छलगार’ म्हणतात. खांद्यावरचे प्रेत निसटले तरी पुन्हा त्याच झाडाकडे वळणाऱ्या राजाची आठवण काढताना ‘छल बिडद त्रिविक्रम’ हे शब्द कन्नड घरात आपसूक ओठांवर येतात. मराठीत मात्र याच शब्दाचा सख्खा भाऊ ‘छळ’ हा यातनेचा अर्थ घेऊन बसला आहे. आपल्यासारख्या दोन्ही भाषा नांदणाऱ्या घरांत हे दोन अर्थ एकाच उंबऱ्यावर भेटतात. जिद्द कुठे संपते आणि स्वत:चाच छळ कुठे सुरू होतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रेअम ओब्री याचा १९९३ आणि १९९४ चा हंगाम पाहिला, की हा प्रश्न अधिकच टोचू लागतो.

ट्रॅकवरची सायकल शर्यत आपल्याकडे फारशी पाहायला मिळत नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. ही शर्यत वेलोड्रोममध्ये होते. दोन्ही टोकांना वर चढत गेलेली, बशीच्या काठासारखी उतरती धावपट्टी असते. सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच. क्षणभर पाय थांबवून विसावा घ्यावा, ही सोयच नाही. या खेळातला सर्वांत कठोर विक्रम म्हणजे तासाचा विक्रम. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. एकट्याने साठ मिनिटे सायकल मारायची आणि किती अंतर कापले ते मोजायचे, एवढाच नियम.

वॉशिंग मशिनचे बेअरिंग

१९८४ च्या जानेवारीत इटलीच्या फ्रान्सेस्को मोझर याने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम केला. तो नऊ वर्षे कोणाला मोडता आला नव्हता. हा विक्रम मोडायला निघालेला ओब्री त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे सायकलचे दुकान बुडालेले, नोकरी नाही, डोक्यावर कर्ज. पोलिसाचा मुलगा म्हणून शाळेत इतर मुलांनी त्याला फार छळले होते. त्या एकाकी मुलाला सायकल हाच एक सोबती मिळाला होता.

त्याने स्वत:च्या हाताने एक सायकल तयार केली. दोन पायडलांमधले अंतर कमी हवे होते. त्यासाठी त्याने चक्क जुन्या वॉशिंग मशिनमधले बेअरिंग काढून बसवले. गुडघे आपटू नयेत म्हणून वरची दांडीच काढून टाकली. बसण्याची पद्धतही त्याचीच. हात छातीखाली दुमडायचे, त्यावर छाती टेकवायची आणि पाठ आडवी करून पुढे झुकायचे. वारा अडवतो तो माणसाचा देह. तो देहच लहान करून टाकला, तर तेवढ्याच ताकदीत वेग वाढेल, हे त्याचे साधे गणित होते. लोक हसले. पण गणित बरोबर होते.

एका रात्रीचे अंतर

१६ जुलै १९९३. नॉर्वेमधील हामार गावी हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या सभागृहात लाकडी धावपट्टी टाकलेली होती. ओब्री एका नव्या, सुबक सायकलवर बसला. त्याच्याच सायकलवरून ती दुसऱ्याने तयार करून दिलेली होती. तास संपला तेव्हा तो मोझरच्या जवळजवळ एक किलोमीटर मागे राहिला होता.

असा तास सायकल मारल्यावर माणसाला जिना चढणेही कठीण होते. पुन्हा प्रयत्न करायचा तर काही दिवसांची विश्रांती घ्यावी, हा साधा व्यवहार. पण धावपट्टी चोवीस तासांसाठीच मिळालेली होती. ओब्रीने दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा उतरायचे ठरवले. पाय आखडू नयेत म्हणून त्या रात्री तो भरपूर पाणी पिऊन झोपला. लघवीसाठी वारंवार जाग यावी आणि प्रत्येक वेळी उठून पाय ताणता यावेत, ही युक्ती. सकाळी तो आपल्या जुन्या, घरी तयार केलेल्या सायकलवर बसला आणि दोनशेहून अधिक फेऱ्या मारून ५१.५९६ किलोमीटरवर थांबला. मोझरच्या पुढे ४४५ मीटर! जे नऊ वर्षांत जमले नव्हते, ते एका रात्रीच्या अंतराने जमले.

हे यश त्याला सहा दिवस पुरले. २३ जुलै रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने ५२.२७० किलोमीटरचा नवा विक्रम केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णपदक त्याच्या नावावर होते. शास्त्रीय प्रशिक्षण आणि अद्ययावत सायकल हे त्याचे बळ होते. दोघांची लढत म्हणजे प्रयोगशाळा विरुद्ध घरातला पाना-पक्कड असे चित्र वृत्तपत्रांनी रंगवले.

पण हंगाम संपला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच हामारला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. चार हजार मीटरच्या वैयक्तिक पाठलाग शर्यतीत ओब्रीने उपांत्य फेरीत बोर्डमनला हरवले आणि अंतिम फेरीत फ्रान्सच्या फिलिप एरमेनो याला मागे टाकून ४ मिनिटे २०.८९४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. दोन महिन्यांपूर्वी ज्याचे नाव स्कॉटलंडबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, तो जगज्जेता झाला.

प्रेत पुन्हा झाडावर

मराठीत रेकॉर्डला आपण ‘विक्रम’ म्हणतो. ओब्रीची पुढची कहाणी वाचताना मला तो विक्रमराजाच दिसू लागतो. प्रेत खांद्यावर घ्यावे आणि ते पुन्हा झाडाला जाऊन लटकावे.

२७ एप्रिल १९९४ रोजी बोर्दो येथे ५२.७१३ किलोमीटर अंतर कापून ओब्रीने तासाचा विक्रम परत मिळवला. त्याआधी जानेवारीत खुद्द मोझरने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ओब्रीची हात दुमडण्याची पद्धत उचलून स्वत:चा जुना आकडा सुधारला होता. ज्या पद्धतीला लोक हसले, तिचीच आता नक्कल होऊ लागली. पण आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाला ही बैठक मान्य नव्हती. त्या वर्षी नियम बदलले. ऑगस्टमध्ये पालेर्मो येथील जागतिक स्पर्धेत ओब्री त्याच पद्धतीने उतरला आणि बाद ठरला. ते विजेतेपद बोर्डमनकडे गेले. २ सप्टेंबरला स्पेनच्या मिगेल इंदुराईनने ५३.०४० किलोमीटर अंतर कापले, तेव्हा तासाचा विक्रमही हातचा गेला. हंगामाच्या शेवटी ओब्रीच्या हाती ना विक्रम होता, ना जागतिक किताब, ना स्वत: शोधलेली बैठक. आणि त्याच वर्षी त्याचा भाऊ मोटार अपघातात गेला.

तरीही त्याने छल सोडला नाही. हात पूर्ण लांब पुढे पसरून सायकल चालवण्याची नवी पद्धत त्याने शोधली आणि १९९५ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पुन्हा जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मात्र तो पहिल्याच फेरीत बाद झाला. काही आठवड्यांनी बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटरचा थक्क करणारा विक्रम केला, तोही ओब्रीच्याच लांब हातांच्या पद्धतीने. नंतर तीही पद्धत बंद झाली.

आकड्यांमागचा माणूस

एवढ्यावर थांबलो असतो, तर ही जिद्दीची एक सुंदर गोष्ट झाली असती आणि शाळेच्या पारितोषिक वितरणात सांगता आली असती. पण ओब्रीने स्वत:च ती तशी राहू दिली नाही. २००३ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले, २००६ मध्ये त्यावर चित्रपटही आला. त्याला तीव्र नैराश्याचे झटके येत असत. ‘बायपोलर’ या मनोविकाराचे निदान झाले. आयुष्य संपवण्याचे प्रयत्नही त्याच्या हातून घडले. त्यातून तो वाचला. आपण जिंकण्याच्या आनंदासाठी नव्हे, तर हरण्याच्या भीतीपोटी सायकल मारत होतो, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. हरलो तर आपण कोणीच नाही, ही ती भीती. २०११ मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचेही जाहीर केले. ज्या काळात आणि ज्या वातावरणात तो वाढला, तिथे हे सत्य मनात दडपून ठेवण्याचा भार केवढा असेल, याची कल्पना करावी.

आता हामारची ती रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. दर वेळी जाग येताच उठून पाय ताणणारा तो माणूस. आपण त्याला जिद्द म्हणतो, आणि ती होतीच. पण रात्री झोप न घेऊ देणारी ती गोष्ट निव्वळ जिद्द नव्हती. गंमत अशी की घड्याळाला यातला फरक कळत नाही. छल असो की छळ, ५१.५९६ हा आकडा तोच राहतो. हा फरक घड्याळ लावणाऱ्याला नव्हे, घरच्या माणसालाच कळू शकतो.

आपल्या शेजारच्या विजापूर-बागलकोट भागाने कर्नाटकाला कितीतरी सायकलपटू दिले. शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची मुले पहाटे रस्त्यावर सराव करतात आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात. त्यांच्या छलाचे कौतुक व्हायलाच हवे. सायकल असो, कुस्ती असो की बारावीची परीक्षा, मूल घरी आले की आपला पहिला प्रश्न ‘कितवा आलास?’ हाच असतो. दुसरा प्रश्न आपण विचारतो का? जिंकूनही मूल गप्प गप्प आहे, जेवत नाही, झोपत नाही, आवडीच्या गोष्टीतही रमत नाही, असे दिसले तर ‘स्पर्धेचा ताण असेल, जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. शेजारी बसावे आणि ऐकावे. गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्नाने तासात ५६.७९२ किलोमीटर गाठले आणि ओब्रीचे आकडे तर केव्हाच मागे पडले. ओब्री मात्र सायकलवरचे प्रेम टिकवून राहिला. २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिशीत, स्वत: तयार केलेल्या सायकलवर पालथे झोपून तो अमेरिकेत वेगाची नवी परीक्षा द्यायला गेला होता. त्या सायकलीत स्वयंपाकघरातल्या एका भांड्याचाही तुकडा होता म्हणे. हातात पुन्हा पाना-पक्कड धरणारा हा ओब्री, मला वाटते, हामारला जिंकलेल्या ओब्रीपेक्षा मोठा आहे.