मासेमारीच्या छंदास योग्य होडी कोणती?

होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम समुद्र उभा राहतो. वेंगुर्ले, मालवण, कारवार ही नावे आठवतात. शिडे, जाळी आणि खाऱ्या वाऱ्याचा वास आठवतो. परंतु आपला बेळगाव-निपाणीचा सीमाभाग समुद्रापासून दूर असला, तरी पाण्यास पारखा मुळीच नाही. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय ह्या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या अंगाने येऊन, कोणी प्रत्यक्ष तर कोणी दुसऱ्या नदीच्या द्वारा, अखेर कृष्णेस मिळतात. हुक्केरी तालुक्यात हिडकल येथे घटप्रभेवर १९७७ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे सुमारे ५१ टीएमसी पाणी साठविणारा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. अशा पाण्यावर सुटीच्या दिवशी गळ टाकून बसण्याचा छंद अनेकांस असतो. काठावरून कंटाळा आला की मनात येते, एखादी होडी असती तर! मग प्रश्न उभा राहतो : होडी घ्यावी ती कोणती?

ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते पाण्यापाशी मिळते. सर्व पाण्यांस सारखीच चांगली अशी होडी जगात नाही. म्हणून प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कसे आहे? माणसे किती बसणार? आणि होडी पाण्यापर्यंत न्यावयाची कशी?

आम्हां कोकणी भाषकांच्या घरी होडीस ‘व्हडें’ म्हणतात. किनाऱ्यावरील होडी अंगाने निमुळती असते, लाट कापण्यासाठी तिची नाळ उंच असते, आणि ती कलंडू नये म्हणून पुष्कळदा तिच्या एका बाजूस लाकडी उलांडी बांधलेली असते. समुद्रावर ती राणीच होय! परंतु तीच होडी उन्हाळ्यात हिडकलच्या जलाशयात आणली, तर तिची लांब उलांडी बुडालेल्या झाडांच्या खोडांत अडकेल आणि तळ जुन्या भिंतींवर घासेल. ह्या जलाशयात हुन्नूर येथील विठ्ठलमंदिर पावसाळ्यानंतर पाण्याखाली असते व पाणी ओसरले की पुन्हा दृष्टीस पडते, हे पुष्कळांनी पाहिलेच असेल. ज्या पाण्याखाली गावे आहेत, तेथे उथळ तरंगणारी होडीच हवी.

आपल्या भागाची खरी जुनी नाव म्हणजे टोपलीची नाव. कन्नडमध्ये तिला ‘हरिगोलू’ किंवा ‘तेप्प’ म्हणतात. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली विणून तिला बाहेरून पूर्वी कातडे मढवीत. आता प्लॅस्टिकचे कापड व डांबर वापरतात. सुमारे १५२० साली विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस ह्याने आनेगुंदीजवळ अशा कातडी नावांतून माणसे नदी ओलांडताना पाहिली व त्यांचे वर्णन लिहून ठेवले. लहान हरिगोल एकटा मनुष्य पाठीवर उचलून नेतो. वीतभर पाण्यातही तो तरंगतो. खडकावर घासला तरी कामट्या लवतात, मोडत नाहीत. मात्र त्यास पुढची बाजू नाही की मागची नाही. वल्हे चालविणारा निष्णात नसेल तर तो जागच्या जागी गरगर फिरतो, आणि वारा सुटला की वाऱ्याच्या मर्जीने जातो. संथ नदीच्या डोहात तो उत्तम. रुंद जलाशयात नवशिक्यास तो नव्हे.

ह्या टोपलीची एक लोखंडी बहीण आपल्या ऊसपट्ट्यात आहे. ती म्हणजे गुऱ्हाळातील काहील. पूर आला की काहिलीत बसून नदी उतरणारी माणसे आपल्या खेड्यांतून दिसत आली आहेत. ते त्यांचे धाडस खरे. परंतु काहील ही होडी नव्हे. बांबू आणि लाकूड पाण्याने भरले तरी तरंगत राहतात, बुडणाऱ्यास निदान धरावयास आधार देतात. काहील भरली की सरळ तळ गाठते. ह्यावरून होडीच्या निवडीचा पहिला नियम मिळतो : पाण्याने भरली तरी जी तरंगते, तीच होडी घ्यावी. पत्र्याच्या किंवा फायबरच्या होडीत बाकांखाली हवाबंद कप्पे अथवा थर्मोकोल भरलेला आहे की नाही, हे रंग पाहण्यापूर्वी पाहावे.

दुसरा नियम गणिताचा आहे. वर्गात आपण आर्किमीडीजचा सिद्धांत शिकतो. त्याचा उपयोग येथे होतो. समजा, सपाट तळाची होडी ३.६ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ झाले ४.३२ चौरस मीटर. म्हणजे ती एक सेंटिमीटर बुडण्यास सुमारे ४३ किलो वजन लागते. होडीचे वजन १०० किलो, ६५ किलोंची तीन माणसे आणि २५ किलो सामान मिळून ३२० किलो होतात. होडी सुमारे साडेसात सेंटिमीटर बुडेल. टोके निमुळती असल्यास थोडी अधिक. कडा ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर पाण्याबाहेर भरपूर उंची उरते.

आता कोणी म्हणेल, मग आठ माणसे बसली तरी काय बिघडले? वजन ६४५ किलो होईल आणि होडी पंधरा सेंटिमीटरच बुडेल! हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. होडी बहुधा वजनाने बुडत नाही; ती कलंडून बुडते. एक मासा गळास लागला आणि सारे जण तो पाहावयास एकाच कडेला धावले, की तीस सेंटिमीटरांची कडा क्षणात पाण्याशी येते. होडी कलली असता खालच्या बाजूचे पाणी तिला परत वर ढकलते. हा ढकलण्याचा जोर रुंदीवर फार अवलंबून असतो. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर तो सुमारे आठपट होतो. उलट, माणूस उभा राहिला की भार वर जातो आणि हा जोर अपुरा पडू लागतो. म्हणून होडी रुंद असावी, माणसे थोडी असावीत आणि ती बसलेली असावीत.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच महापुरात, आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये, वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गावर आले. आपल्या नद्या मार्चमध्ये जितक्या सौम्य, तितक्याच जुलैमध्ये उग्र असतात. पावसाळ्यात छंदासाठी होडी पाण्यात घालूच नये. शिवाय तोच काळ पुष्कळ माशांच्या विणीचा असतो. त्या वेळी गळ घरात ठेवणे हेच उद्याच्या मासेमारीचे बियाणे राखणे होय.

तर मग आमचा सल्ला काय? हिडकलसारख्या जलाशयासाठी दोघांतिघांना पुरेल अशी, सुमारे बारा फूट लांब व चार फूट रुंद, सपाट तळाची होडी घ्यावी. लाकडी होडी सुंदर दिसते, पण तिला दरवर्षी डागडुजी लागते. फायबरची होडी हलकी असते व कुजत नाही. हवेने फुगविण्याची रबरी होडी घडी करून गाडीतून नेता येते, परंतु बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या आपल्या काठांवर तिला फार जपावे लागते. यंत्राची घाई करू नये. वल्ह्यांच्या होडीने मासे बिचकत नाहीत, पाण्यात तेल सांडत नाही, आणि दंडांत बळ येते ते निराळेच.

होडीबरोबर काही वस्तू अवश्य घ्याव्यात : प्रत्येकास एक जीवरक्षक जाकीट, एक जादा वल्हे, दोरासह लहान नांगर आणि पाणी उपसण्यास डबा. जाकीट बाकाखाली ठेवावयाचे नसून अंगात घालावयाचे असते. नांगराचा दोर नेहमी नाळेस बांधावा; आडव्या कडेस बांधल्यास प्रवाह होडीला कलती करून आत शिरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दिसू लागले, की मासा लागो वा न लागो, काठ गाठावा. जलाशय जितका लांब, तितकी वाऱ्याने उठणारी लाट मोठी; आणि मोकळ्या पाण्यावर विजेस सर्वांत उंच दिसतो तो होडीतला माणूसच. मासेमारीस मत्स्यखात्याचा परवाना लागतो की काय, ह्याची चौकशी आधी करावी. आणि पिण्याच्या पाण्याचे तलाव ह्या छंदातून वगळावेत.

विद्यार्थी मित्रांनी एकट्याने होडीत पाऊल टाकू नये, आणि पोहणे शिकल्यावाचून वडीलधाऱ्यांपाशी होडीचा हट्टही धरू नये. उत्तम होडी कोणती, असे कोणी विचारल्यास वेग, रंग आणि किंमत ह्यांचा उल्लेख शेवटी करावा. संध्याकाळी जितकी माणसे घेऊन निघाली तितकीच सुखरूप काठावर आणते, ती होडी उत्तम. तिच्यात मासे किती आले, हा हिशेब त्यानंतरचा.