संग्रामदुर्गासाठी सीएसआरचा निधी मागू या!

चाकणकरांनो, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवलेला भुईकोट, संग्रामदुर्ग, आपल्या गावात आहे. तटाच्या सांध्यात पिंपळाचं रोपटं रुजलं की मुळं चिरे उचकटतात. श्रमदानाने गवत निघतं, पण डागडुजीला पैसा आणि जाणकार लागतात.

तो पैसा एमआयडीसीत आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्चायची. प्राधान्य कारखान्याच्या परिसराला! याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचं जतनही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. निधी घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिने सीएसआर-१ हा अर्ज भरलेला हवा. आणि चिऱ्याला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला जरूर विचारा.