मराठी संहितेतील शब्दशोध : नियमित पदावली आणि वगळणुकीचा प्रश्न

भाषा, इतिहास किंवा राज्यशास्त्र यांचा अभ्यासक आज वृत्तपत्रांची हजारो पाने युनिकोडमध्ये साठवून त्यांतील एखाद्या शब्दाची वारंवारिता मोजू शकतो. या मोजणीचे साधन म्हणजे नियमित पदावली, अर्थात रेग्युलर एक्सप्रेशन होय. स्टीफन क्लेनी यांची तद्विषयक गणिती मांडणी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिला संगणकीय शोधाचे रूप दिले. हवे ते शोधणे या पद्धतीत सोपे आहे. नको ते वगळणे तितके सोपे नाही, आणि आकडे बिघडतात ते बहुधा येथेच.

उदाहरणार्थ, 'मत' हा शब्द घ्यावा. ही दोन अक्षरे शोधली असता किंमत, हिंमत, जमत, समता, श्रीमती, मत्सर असे शब्दही हाती येतात. 'किंमत' असलेल्या ओळीच गाळाव्यात, हा पहिला सुचणारा उपाय. ग्रेप या आज्ञेत अशा उलट निवडीची सोयही आहे. मात्र 'या मताला किंमत नाही' या ओळीतील हवा असलेला शब्द त्याबरोबर नाहीसा होतो.

दुसरा उपाय [^किं]मत असा लिहिला जातो. हा गैरसमज फार रूढ आहे. चौकटी कंसातील निषेध शब्दाचा नसून सुट्या चिन्हांचा असतो : मागील एक चिन्ह क, इकार वा अनुस्वार नसावे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे 'हिंमत' गळते हे ठीक. पण 'एकमत'ही गळते. शिवाय मागे एखादे चिन्ह असलेच पाहिजे, म्हणून ओळीच्या आरंभीचे 'मत' सापडत नाही.

खरा उपाय निषेधक वेधाचा. (?<!किं)मत ही पदावली मागे केवळ डोकावून पाहते, ते चिन्ह जुळणीत घेत नाही. पुढील बाजूस हेच काम (?!…) करते.

शब्दसीमेचे तयार चिन्ह वापरले तर ही खटपट टळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पायथॉनच्या अंगभूत पदावली-साधनात मात्रा व अनुस्वार ही शब्दघटक चिन्हे मानली जात नाहीत. परिणामी 'किंमत'मधील अनुस्वारानंतर सीमा पडते आणि 'मत' हा स्वतंत्र शब्द म्हणून मोजला जातो! म्हणून देवनागरीची सीमा स्वतःच आखावी लागते :

(?<![ऀ-ॣ])(?:एक|बहु|जन)?मत(?!दा|लब|[िी्])

येथील पल्ला युनिकोड ०९०० ते ०९६३ असा आहे. दंड त्यापुढे, ०९६४ वर येतो. तो पल्ल्यात घेतल्यास जुन्या छपाईतील दंडाला चिकटून आलेला शब्द निसटेल. डावीकडील अटीने किंमत, जमत, समता, श्रीमती जातात, उजवीकडील अटीने मतदान, मतलब, मती, मत्सर. मताला, मते, मतभेद राहतात. 'मतपेटी' मात्र अजून राहते. ती वगळावी की नाही, हे संशोधनाच्या प्रश्नावरून ठरवावे लागेल. पदावली ते ठरवू शकत नाही.

गूगलच्या आरई-टू या साधनात वेधाची सोय मुळातच नाही, कारण शोधाचा वेळ संहितेच्या लांबीच्या प्रमाणातच वाढावा अशी त्याची हमी आहे. तेथे किंमत|हिंमत|जमत|(मत) असे लिहून नको असलेले शब्द आधी जुळू द्यावेत आणि केवळ कंसात सापडलेले मोजावेत.